लेफ्टनंट, मराठी विभाग

महाविद्यालयात एनसीसीचा अधिकारी शौर्य पाहून निवडत नाहीत. बैठकीत प्राचार्य विषय काढतात, तेव्हा ज्येष्ठांच्या गुडघ्यांत एकदम कळ येते आणि नुकताच रुजू झालेला मराठीचा प्राध्यापक चहा पिता पिता मान हलवतो. झाली नेमणूक. मग कामठीच्या अकादमीत रवानगी. काल-परवापर्यंत ज्ञानेश्वरीवर बोलणारा माणूस तिथे भल्या पहाटे ‘दाहिने मूड’ ऐकून चुकून डावीकडे वळतो आणि खांद्यावर दोन तारे लावून घरी येतो. विभागप्रमुख सॅल्यूट अपेक्षितात, देत नाहीत. 26 जानेवारीला मात्र फोटोसाठी सगळे पुढच्या रांगेत.

1948च्या कायद्यान्वये एनसीसीत आल्यामुळे कुणावर युद्धावर जाण्याची सक्ती होत नाही. नाश्त्याच्या हिशेबाची होते. परेडनंतर कॅडेटांनी किती वडापाव खाल्ले, हे बिलासकट, सहीसकट, तीन प्रतींत लागतं. हे शत्रूला कळलं तर तो सीमेवर न येता थेट लेखा विभागात शिरेल. ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा झाली की कॅडेट पांगतात. बूट मात्र परत येत नाहीत. आले तरी दोन्ही डाव्या पायाचे, आणि सर आता ते नोंदवहीत कसे लिहायचे, हे बटालियनला फोन करून विचारताहेत.