वजन त्यांचं, ठसा आपला

गाझियाबादला वैशालीत मेट्रोची ब्लू लाइन संपते आणि आमच्या नाणेकाकांचं व्याख्यान सुरू होतं. मूळचे नाशिकचे. मुलगा नोएडाला नोकरीत, म्हणून निवृत्तीनंतर मुक्काम इथे. लोक पाकिटात देवाचा नाहीतर नातवाचा फोटो ठेवतात; काकांच्या पाकिटात बगदाताच्या नाण्याचा फोटो असतो, लॅमिनेट केलेला.

"बगदात म्हणजे फार्सचा फ्रतरक," ते समोरच्याला सांगतात. समोरचा बहुधा कुरिअरवाला असतो. "सिकंदर गेला, त्याच्या सेनापतींचं राज्य आलं. हे तिथले इराणी सरदार, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातले. स्वतःला राजा म्हणवत नव्हते, पण नाणं स्वतःचं! वजन ग्रीक, चार द्राख्मांचं, १७ ग्रॅमच्या आतबाहेर. अक्षरं अरमाईक. मागे अग्निस्थानासारखी इमारत, शेजारी निशाण. आणि डोक्यावर बघ काय आहे!"

डोक्यावर कान झाकणारी मऊ टोपी. डिसेंबरात माकडटोपी घालून दुधाला निघालेले काका हुबेहूब तसेच दिसतात, आणि हे कुणी सांगितलं की त्यांची कळी खुलते.

विषय फार्सला निघाला तरी पोचतो जोगलटेंभीलाच. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावात चांदीची १३,०००हून अधिक नाणी सापडली. क्षत्रप नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली. "वितळवली नाहीत रे! वजन त्यांचं, ठसा आपला!" काका मांडीवर थाप मारतात.

त्यांची हिंदीही याच टांकसाळीतली. "भैया, पालक की जुडी ताजी दो, और उसपे थोडी कोथिंबीर डालो." हल्ली भाजीवालाच विचारतो, "अंकल, कोथिंबीर?"

गाडं अडतं ते दहाच्या नाण्यापाशी. ई-रिक्षावाला मान हलवतो, "ये नहीं चलता." दहाच्या नाण्याचे १४ नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केलंय, काकांना चौदाही तोंडपाठ. भर रस्त्यात ते नहपान काढतात. सातकर्णीने दुश्मनाचं नाणं चलनात ठेवलं आणि तू सरकारचं नाकारतोस? मागे हॉर्नचा कल्लोळ. रिक्षावाला मुकाट्याने क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे करतो.

काका चष्मा पुसतात, पुठ्ठा उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "इसमें राजा का मुंडका किधर है?"