मिलिमीटरकाका

कर्जत-नेरळ पट्ट्यात कुणाच्या घरी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आलं, की मिलिमीटरकाका हजर होतात. त्यांना बोलावणं लागत नाही. शर्टाच्या खिशात भिंग, पिशवीत व्हर्नियर आणि जिभेवर ठरलेलं "छान आहे, पण". त्या 'पण'नंतर चहा दोनदा गरम करावा लागतो.

काका रिव्हेट मोजतात, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ते रिव्हेट दिसतात का, एवढंच बघतात, आणि दिसले की कपाळावर आठी. कारण दोन सेंटिमीटरचं रिव्हेटचं डोकं १:८७च्या मॉडेलमध्ये पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक होतं. "डोळ्यांना दिसलं म्हणजे मोठं केलंय!" कठड्याची तार अर्ध्या मिलिमीटरची असेल तर हिशोब तयार: प्रत्यक्षात साडेत्रेचाळीस मिलिमीटर जाडीचा दांडा. "ड्रायव्हर काय भीम होता?"

त्यांचं खरं दुःख मात्र रुळांचं. बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी काढलेले. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ने भागा, १९.३ यायला हवेत. इंग्रजांचा अपराध त्याहून जुना: मोटर मावेना म्हणून त्यांनी इंजिन १:७६ करून फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. हे सांगताना काकांचा आवाज असा लागतो, की एखाद्याला वाटावं यांच्या वडिलोपार्जित जमिनीचा बांध कुणी सरकवलाय. माथेरानचा विषय काढला तर जरा निवळतात. १९०७ची लाइन, दोन फुटी गेज, ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: वळणावर कडेचे आस सरकतात का? खऱ्या इंजिनात सरकायचे. मॉडेल ठेवणाऱ्याला घाम फुटतो.

स्वतः काकांनी एकही इंजिन बनवलेलं नाही. ड्रॉइंग अजून पूर्ण मिळालेलं नाही म्हणतात. पुण्याच्या गाडीने घाट उतरताना ठाकुरवाडीला ब्रेक तपासायला गाडी थांबली, की दारात उभे राहून खऱ्या घाटाकडे एक डोळा मिटून बघतात आणि शेजारच्याला सांगतात, "हा खांब प्रमाणात वाटत नाही."

यंदा कर्जतच्या एका घरात गणपतीपुढे आरास होती ठाकुरवाडीच्या घाटाची. नववीतल्या पोराने पुठ्ठ्याचा डोंगर, शाईने रंगवलेले बोगदे, जर्मन इंजिनाला कागदी नाक आणि त्यावर चांदणी चिकटवून डब्ल्यूपी इंजिन केलेलं. धुराड्यात उदबत्ती. काका नमस्कार करून सरळ झाले आणि व्हर्नियर बाहेर आला.

"छान आहे, पण घाटात चढ एकास सदतीस. मीटरला सत्तावीस मिलिमीटर. तुझा हा एकास आठ आहे. गाडी चढणार नाही, शिडी लावावी लागेल."

"चढते की काका." पोराने बटण दाबलं. चढली.

"मागून ढकलणारं बँकर इंजिन कुठाय? कर्जतला बँकर लागल्याशिवाय घाट चढायचा?" काका खाली वाकले. "आणि कॅच साइडिंग? ब्रेक गेले तर गाडी वळवायची कुठे?"

"समईच्या बाजूला वळवीन."

"आणि डब्ल्यूपी आली १९४७ साली. घाटात विजेच्या तारा १९२९-३०ला लागल्या. तेव्हापासून इथे विजेवरची खेकडा इंजिनं धावायची. तारांखाली वाफेचं इंजिन कशाला येईल?"

पोराने थोडा विचार केला. "तारा लावल्याच नाहीयेत ना, काका."

काकांनी हे वहीत लिहून घेतलं. मग पोरानेच विचारलं, "काका, बाप्पा कोणत्या स्केलचा आहे?"

आम्हाला वाटलं, काका हात जोडतील. त्यांनी पेन्सिल काढली. "मूर्ती एक फुटाची. सत्त्याऐंशीने गुणलं... साडेसव्वीस मीटर." त्यांनी बोगद्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं. "आतून जाणार नाही."

आजी नैवेद्याचं ताट घेऊन आल्या होत्या. "त्याला बोगद्यातून कशाला जायचंय? उल्हास नदीवर विसर्जन आहे."

"मग हरकत नाही," काका म्हणाले, आणि भिंग मोदकाकडे वळवलं.