गुरुजींच्या गोठ्यात पद्मिनी!

वलगावात सध्या एकच चर्चा आहे आणि ती सोयाबीनच्या भावाची नाही. एका निवृत्त गुरुजींनी म्हणे या वयात गोठ्यात पद्मिनी आणून ठेवली. रात्री जेवण झालं की पाय तिकडे, पहाटे कोंबडं आरवायच्या आत पुन्हा तिकडेच. घरी येतात ते अंगाला थिनरचा वास, नखांत तांबडा भुगा, आणि घरच्या बाईंनी काही विचारलं की नजर खाली. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता ही गोठ तिखटमीठ लावून गावभर फिरली. मग कुणीतरी भिंतीवरून डोकावून आलं आणि कळलं, की ही पद्मिनी प्रीमियर कंपनीची आहे, तिला चार दारं आहेत, दोन चाकं आहेत आणि उरलेल्या दोन चाकांच्या जागी विटा आहेत.

कुणाला वाटेल विषय मिटला. छे! खरी बदनामी तर इथून पुढे.

कारण हे लोण आता गुरुजींपुरतं राहिलेलं नाही. कृषी केंद्रवाल्यानं कबाड्याकडून मारुती ८०० सोडवून आणली. नोकरीतून सुटलेल्या एका काकाजींनी साळ्याच्या वावरातली फियाट ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. तिच्या डिक्कीत पिंपळ उगवला होता, तो आधी नारळ फोडून काढावा लागला. दुपारी गल्लीत जिथे कूलरची घरघर ऐकू यायची तिथे आता ग्राइंडर किंचाळतो. आणि गाव तरी कोणतं? ज्याच्याजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला ते. जन्मभर ज्यांनी गावोगावचे रस्ते झाडले, त्यांच्या वाटेवर आज गंजाचा भुगा सांडलेला असतो आणि तो कुणी झाडायचा यावरून दोन घरांत रोज सकाळी तंटा. बाबा असते तर आधी हातात खराटा दिला असता, आणि रात्रीच्या कीर्तनात उरलेला समाचार घेतला असता.

बरं, या पद्मिनीचं कुळ तसं मोठं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट हळूहळू आपली झाली. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल मॉडेलला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणायचे, आणि ते म्हणे लाडानं! साठीत डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, आणि सत्तरच्या दशकात गाडीला थेट चितोडच्या राणीचं नाव मिळालं. मुंबईत तिनं काळ्यापिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून अर्धं आयुष्य काढलं. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. हे सगळं गुरुजी कुणी न विचारता सांगतात. अडचण एवढीच, की मुंबईहून आलेली गाडी तिकडची खारी हवा अंगात मुरवूनच येते.

तरी सगळा दोष समुद्राला देऊ नका. आपली काळी माती काय कमी आहे? पावसाळ्यात तिचा लगदा मडगार्डच्या आतल्या कंगोऱ्यात जाऊन बसला की दिवाळीपर्यंत ओला. त्यात गोठा! वर कुटाराचा ढीग, खाली गोमूत्र, ऊन-वारा कुठूनच नाही. बाहेरून रंग शाबूत दिसतो. एखाद्या ठिकाणी चण्याएवढा फोड असतो, बस्स. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून रंग असा वर उचलला जातो. गुरुजींनी त्या फोडावर पेचकस टेकवला, जोरही दिला नाही, तर तो मुठीपर्यंत आत. बाहेर काढला तेव्हा मागोमाग पसाभर तांबडी भुकटी आणि एक झुरळ.

त्या दिवसापासून गावाला खरं व्यसन लागलं ते गाडीचं नाही, खरवडण्याचं. आणि इथेच माझं मत नोंदवून ठेवते: हा छंद म्हणजे शुद्ध चहाडी आहे. पॉलिश पेपर घेऊन बसायचं आणि आधीच्या मालकांची अब्रू थराथरानं सोलून काढायची. गुरुजींनी गाडी घेतली ती 'डॉक्टरची आहे, एका हातची आहे' या शब्दावर. वरचा निळा रंग गेला, खाली पांढरा. पांढरा गेला, राखाडी प्रायमर. गुरुजी खूश. प्रायमर गेला तर दारावर काळा! तरी म्हणाले, डॉक्टर लोकांना काळी गाडी शोभते. पण टपावर चढून खरवडलं तेव्हा पिवळाधमक. चार जण बघत होते, कुणी बोलेना. शेवटी गुरुजींचाच एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, डॉक्टर मीटरवर चालत होते काय जी?"

लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, थराखाली तर याहून भयंकर प्रकार. चांगल्या कारागिराच्या हातची पुट्टी पातळ असते, दोन-तीन मिलिमीटर, पत्र्यातली उरलीसुरली लाट भरण्यापुरती. इथे निघाली बोटभर जाड. तिच्या मागे पत्राच नव्हता. होता तो वर्तमानपत्राचा बोळा आणि गोणपाट. लोहचुंबकाला फडकं गुंडाळून गाडीवरून फिरवायचं, जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, ही सोपी परीक्षा. विकत घ्यायच्या आधी घेतली असती तर बरं झालं असतं, हे आता अख्खं गाव गुरुजींना सांगतं. काकाजींच्या फियाटमध्ये तर सिमेंट निघालं म्हणतात. मी पाहिलं नाही, पण काकाजी नाही म्हणाले नाहीत.

या काकाजींचा पराक्रम वेगळाच सांगायला हवा. फियाट काय, मारुती काय, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच चेसिस. दारांच्या खाली लांबीभर जी पोकळ पट्टी असते ना, तिच्यावर सगळा डोलारा. ती सडली तर कापून नवी बसवता येते, पण आधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू जोडून घ्यावे लागतात. काकाजींनी व्हिडिओ पाहिला, टेकूचा भाग पुढे सरकवून टाकला आणि कटर चालवला. गाडी मधोमध जी बसली ती बसलीच. आता चारपैकी दोन दारं उघडत नाहीत आणि दोन लागत नाहीत. "हवा खेळती राहते," म्हणतात.

कृषी केंद्रवाल्याचं घर मोडता मोडता वाचलं. सुटे भाग गंजमुक्त करायची एक घरगुती रीत आहे: प्लास्टिकच्या टपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरीच्या चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह तार भंगार लोखंडाच्या तुकड्याला. बुडबुडे येतात, गंज सुटतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून उघड्यावर करायचं आणि बिडी लांब. पण भंगार लोखंडाच्या जागी यांनी लावली बायकोची स्टीलची परात, माहेरची, नाव घातलेली! स्टीलमधलं क्रोमियम त्यानं पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी होतं. टप पिवळा पडला, परातीवरचं नाव गेलं, आणि वहिनी आठ दिवस दर्यापूरला.

पण माणूस ऐकत नाही. त्याचं म्हणणं, मारुती म्हणजे इतिहास आहे. १४ डिसेंबर १९८३, संजय गांधींच्या जयंतीला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली ठेवली. किंमत ४७,५०० रुपये. तीच गाडी हरपाल सिंग गेल्यावर रस्त्याकडेला गंजत पडली होती. पुढे कंपनीनं ती नीटनेटकी करून आपल्या मुख्यालयात मांडली. "देशाच्या पहिल्या मारुतीची ही गत, तर माझ्या गाडीनं काय पाप केलं?" असं तो विचारतो. युक्तिवाद बरा आहे. परात मात्र परत येत नाही.

गुरुजींनी घरात शास्त्रीजींचा दाखला देऊन पाहिला. पंतप्रधान असताना १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी १२,००० रुपयांची फियाट घेतली, त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० रुपये कर्ज काढलं, आणि त्यांच्या मागे ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. केवढा आदर्श! बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजे शेवटी कर्ज बाईनंच फेडलं नाई?"

वर स्वयंपाकघराच्या टिनाला गेल्या पावसाळ्यापासून भोक आहे. तिथे बादली लावून भागतं. गाडीच्या टिनाला मात्र अमरावतीहून वीस गेजचा सीआर पत्रा येतो, कागदाचा साचा कापून त्यावर बेतला जातो, आणि वेल्डिंगवाल्याला तंबी दिली जाते की सलग ओढू नको, पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ दे. इतक्या मायेनं गुरुजींनी पोरांच्या पाढ्यांकडेसुद्धा पाहिलं नसेल.

रंगाचं तर पंचांगच निघालंय. पावसाळ्यात ड्यूको मारला तर दमटपणानं पांढरट पडतो. वैशाखात ४५ अंशांत फवारा पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. आपला जिल्हा वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचा असला तरी गाडीवर ते चालत नाही. उरले दिवाळी ते होळी हे दिवस, तर तेव्हा तुरीच्या मळणीची धूळ. म्हणून गुरुजींनी गोठ्याला चारी बाजूंनी जुन्या साड्या लावल्या. साड्या कुणाच्या हे सांगायला नको. पोळ्याला बैलाला जसं सजवतात तशी तिथे आता गाडीची उठाठेव चालते. फरक इतकाच की बैल संध्याकाळी स्वतः चालत घरी येतो.

आणि समजा गाडी उभी राहिली, तरी पुढे आरटीओ आहेच. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच सरली. पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमानं तिला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते: २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती रोज वापरायची नाही. रॅलीला न्या, दुरुस्तीला न्या, पेट्रोल भरायला न्या. गुरुजींनी कागद पाहिले तर पद्मिनीची पन्नाशी भरायला अजून अवकाश. बिचारे वाट बघताहेत. बायकोच्या साठीला इतकी वाट पाहिली नव्हती, हे मी नाही, त्यांच्या सूनबाई बोलल्या.

आता सगळ्यांत ताजी आणि सगळ्यांत धक्कादायक खबर. परवा भर दुपारी गुरुजी झोपले असताना गोठ्यातून घासण्याचा आवाज येत होता. शेजारणीनं साडीचा पडदा सारून पाहिलं तर आत बाई! पदर खोचलेला, बाजूला पाण्याची बादली, हातात आठशे नंबरचा पेपर, आणि बोनटवरच्या प्रायमरवर लांब, सरळ, एकसारखा हात. मध्येच थांबून डोळे मिटून तळवा फिरवत होत्या, कुठे खळगा लागतो का बघायला. गुरुजी गोल गोल घासतात, त्यानं खळगे पडतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं म्हणे. शेजारीण "माय वं!" म्हणून तोंडावर हात ठेवून उभी राहिली आणि दुसऱ्या क्षणी आत जाऊन विचारती झाली, "मले बी दाखवा ना बाई, कसं करता?"

आता तिथे दुपारी चौघी असतात. गुरुजींना चहा करायला पाठवतात. रंग गुरुजींनी निळा ठरवला होता. बाईंनी पैठणीचा काठ दाखवून रंगवाल्याकडे परस्पर मोरपंखी सांगून टाकलाय. गुरुजींना अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका.