उदोचा उदोउदो कसा करावा

उदो खाण्याची इच्छा झाल्यास प्रथम जमीन घ्यावी. ती तोक्योच्या पश्चिमेला, ताचिकावा किंवा कोकुबुन्जीच्या बाजूला असावी. तिथला भाव ऐकूनही इच्छा शिल्लक राहिली, तर पुढे वाचावे.

उदो ही जिनसेंगच्या कुळातली वनस्पती. मोकळी सोडली तर एका उन्हाळ्यात दोन मीटरच्या वर जाते. पण खोड काही लाकूड होत नाही. एवढे वाढून ना वाशाला उपयोग, ना चुलीला. म्हणूनच नुसता ताडमाड वाढलेल्या, बिनकामाच्या माणसाला जपानीत ‘उदोचा महावृक्ष’ म्हणतात. असा एखादा प्रत्येक घरात असतोच, त्यामुळे पिकाचा स्वभाव समजायला अडचण येऊ नये.

वसंतात गड्डे लावावेत. तेही तोक्योत नव्हे, गुन्मासारख्या थंड प्रांतात. उन्हाळाभर झाडाला हवे तेवढे वाढू द्यावे, कौतुक करू नये. हिवाळ्यात पाला करपला, की झाड मेले असे समजून हळहळणाऱ्यांनी हा उद्योग सोडावा. सगळी कमाई जमिनीखाली साठलेली असते. गड्डे उपटून तोक्योला आणावेत.

आता खड्डा. सरळ खाली सुमारे तीन मीटर, आणि तळाशी आडवी भुयारे. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे भिंती ढासळत नाहीत. शिडीने उतरावे, गड्डे एकमेकांना खेटून मांडावेत, माती टाकावी, पाणी द्यावे आणि तोंड झाकून घ्यावे. आत उबदार आणि मिट्ट काळोख. उजेड लागला की कोंब हिरवा होतो, राठ होतो. बाहेर वसंत आला की नाही, याची बातमी त्याला लागता कामा नये. महिनाभरात हातभर उंचीचे पांढरेशुभ्र दांडे उभे राहतात. टोकाला किंचित गुलाबी झाक, अंगावर बारीक लव. कपाळाला दिवा बांधून, गुडघ्यांवर रांगत ते कापावेत. ताठ उभे राहून शेती करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या डोक्याला टेंगूळ येईल.

स्वयंपाक सोपा आहे, पण वेंधळेपणा चालत नाही. दांड्याचे बोटभर तुकडे करून साल जाड काढावी आणि लगेच व्हिनेगरच्या पाण्यात टाकावेत. जरा फोन घ्यायला गेलात तर काळे पडतात. मग पातळ पट्ट्या करून आंबट मिसोत कालवाव्यात. कुरकुरीत लागतात, वास थोडा लिंबाचा, थोडा देवदाराच्या चिकाचा. शेंड्यांचा तेम्पुरा तळावा. साल फेकणाऱ्याला मात्र क्षमा नाही. ती बारीक चिरून तिळाच्या तेलात परतावी, वर सोया सॉस आणि साखर. माझे मत विचाराल तर एवढा खड्डा खणायचा तो या सालीसाठीच. दांडा आपला सोवळ्यातला, नैवेद्यापुरता.

प्रचाराच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेच्या कृषी खात्यातले डेव्हिड फेअरचाइल्ड या कामी पुरेसे झिजले आहेत. १९०३ साली त्यांनी सरकारी पत्रिकेत तीन जपानी वनस्पतींची शिफारस केली: कागदासाठी मित्सुमाता, तिखटासाठी वसाबी आणि भाजीसाठी उदो. वसाबीचे नाव आज जगभर झाले. उदो अमेरिकनांच्या ताटात काही टिकला नाही. सरकारने भलामण केलेली भाजी मुलेही खात नाहीत, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

पाहुण्यांना एकेक वाटीच वाढावी. बहुतेक जण पहिल्या घासाला ‘वेगळं आहे’ म्हणतात आणि भाताकडे वळतात. कुणी दुसऱ्यांदा मागितलाच, तर त्याच्या हाती शिडी द्यावी. खाली उतरायला माणसे मिळत नाहीत.