तिकोन्याच्या पायथ्याशी तीन कोपरे

पवनानगरला आलेल्या माणसाला तंबू ठोकावेसे वाटतातच, तो तिथल्या हवेचा दोष. धरणाच्या काठी जो तो कॅम्पिंगवाला झालेला. मग भूमितीत पस्तीस मार्कांनी सुटलेला मी तरी का मागे राहू? मला दाखवलेला तुकडा त्रिकोणी होता, बाजू ५०, ८५ आणि १०५ फूट. समोर साक्षात तिकोना किल्ला. शुभशकुनच!

भाडं गुंठ्यावर. मालक म्हणाले, "दोन गुंठं धरा." मी मनात पाया गुणिले उंची भागिले दोन केलं. पाया १०५, उंची ८५. झाले चार गुंठे! मालकाला स्वतःच्या जमिनीचा अंदाज नाही, या आनंदात मी घाईघाईने आगाऊ पैसे मोजले.

"मामा, ८५ ही बाजू आहे, उंची नाही," घरी भाची म्हणाली. तिने तिन्ही बाजूंची बेरीज निम्मी केली: १२०. त्यातून एकेक बाजू वजा करून ७०, ३५, १५. चारही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ २१०० चौरस फूट. गुंठा १०८९ चा, म्हणजे दोन गुंठेही पुरते नाहीत! ही रीत भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला तिथेच त्यांनी पिशाच्च ठरवलंय. बाजूलाच लंब समजणाऱ्यासाठी त्यांनी काय राखून ठेवलं असेल, याचा विचार मी झोपण्याआधी करत नाही.

खरी उंची ४० फूट निघाली. म्हणून मी ४० फुटी गोल मंडप सांगितला. मंडपवाल्याने उभा केला, तर कनात तिन्ही बाजूंनी हद्दीबाहेर! भाचीचा फोन: "क्षेत्रफळाला निम्म्या परिमितीने भागा. अंतर्वर्तुळाची त्रिज्या साडेसतरा. पस्तीस फुटांच्या वर गोल बसायचाच नाही."

उरला दिव्याचा खांब. तिन्ही कोपऱ्यांतल्या तंबूंना सारखा उजेड हवा, तेव्हा खांब परिवर्तुळाच्या केंद्रात, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. बाजूंचा गुणाकार भागिले चौपट क्षेत्रफळ, त्रिज्या जेमतेम ५३ फूट. तेवढ्या तीन वायरी कापून आणल्या. टेपने केंद्र गाठलं, तर मी बांधापलीकडे आठ फूट, शेजाऱ्याच्या इंद्रायणी भातात घोट्यापर्यंत चिखलात. त्रिकोणाचा एक कोन विशाल असला की हे केंद्र बाहेरच पडतं, असं भाचीने सांगितलं. चिखलात उभं असताना सांगितलं.

शेजारी खुरपं घेऊन आले. मालक मात्र बांधावरच बसून होते. म्हणाले, "लांब बाजूच्या मधोमध रोवा की, सायब. समद्यांना पुरतंय."

पुरलं. दोन कोपरे साडेबावन्न फुटांवर, तिसरा तर शेहेचाळिसातच. त्या वायरीचे उरलेले सात फूट मालकांनी तोडून नेले आणि गोठ्यात बल्ब लावला. तोच सगळ्यात लख्ख पेटतो.