पंख्यावरचे आजोबा

आमच्या वस्तीवरच्या मारुतीच्या देवळात माझे आजोबा छताला गरगर फिरतात. म्हणजे त्यांचं नाव फिरतं. १९८७ साली उसाचं बिल जरा बरं आलं तेव्हा वडिलांनी देवळाला पंखा दिला आणि पेंटरकडून तिन्ही पात्यांवर तांबड्या अक्षरांत मजकूर टाकून घेतला. एका पात्यावर ‘कै.’, दुसऱ्यावर आजोबांचं नाव, तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, आणि बंद असला की उकाड्यात वाचायला कुणी थांबत नाही. एवढ्या वर्षांत आजोबांचं स्मरण झालं असेल ते फक्त वीज गेल्यावर. आमच्याकडे ती जाते, म्हणून अगदीच वाया गेलं असं म्हणता येत नाही.

पंख्याचा विषय निघाला तो मेहुण्यामुळे. मेहुणा कल्याणला असतो. यंदा तो हिमाचलमध्ये स्पितीला जाऊन आला आणि आल्यापासून हळू बोलायला लागला. माळशेज घाट चढून आमच्या ओझरला आला तेव्हा गाडीच्या आरशाला त्याने तिकडच्या रंगीत पताका बांधलेल्या होत्या. वाऱ्याबरोबर त्यांच्यावरचे मंत्र चहूकडे पसरतात म्हणे. घाटात पाऊस लागला होता, त्यामुळे मंत्रांचं माहीत नाही, पण रंग बॉनेटभर पसरला होता.

“दाजी, आयुष्यात एकदा तरी जाच तुम्ही. काय ते खोरं! काय ते मठ! चहासुद्धा लोण्याचा, मीठ घातलेला.”

“माझ्या चहात चुकून चिमूटभर मीठ पडलं असतं ना,” बायको ताटात मासवडी वाढत म्हणाली, “तर याने दिवाळीपर्यंत ऐकवलं असतं.”

“ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा आहे, दाजी. हजार वर्षं झाली!”

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हजार वर्षांचं कौतुक जुन्नर तालुक्यात सांगू नकोस. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. बौद्ध भिक्षूंचे मठच ते. तुझा ताबो बांधायला घेतला तेव्हा ती आठशे-हजार वर्षांची जुनी झालेली होती.

“अरे वा. तुम्ही किती बघितलीत?”

मी रस्सा मागितला.

खरं सांगायचं तर मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सातवाहन आमच्याकडे दोन मार्कांना असायचे. दरवर्षी लेण्याद्रीला सहल जायची आणि दरवर्षी मी पायथ्याशी थांबायचो, कारण मुलं मोजायला कुणीतरी खाली लागतंच. शिवाय ओझरला घर असणं म्हणजे काय, ते ज्यांचं आहे त्यांनाच कळेल. विघ्नहर गावात आणि गिरिजात्मज पंधरा किलोमीटरवर, म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती आमच्या स्वयंपाकघरातून होतात. पाहुण्यांना लेण्याद्रीला न्यायचं, पायऱ्या २८३ आहेत असं ठासून सांगायचं, आणि त्यांच्या चपला, पिशव्या, दमेकरी आत्या असं सगळं सांभाळत उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसायचं. मी लेण्याद्रीला शंभरेक वेळा गेलो असेन. वर एकदाच, चौथीत. तेव्हा माकडाने माझा डबा नेला, एवढंच त्या प्राचीन वारशाबद्दल स्मरणात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याने मला उचललंच. तिकीट काढलं आणि चढायला लागलो. पहिल्या पन्नास पायऱ्या मी इतिहासाबद्दल बोललो. पुढच्या पन्नास नुसतं ऐकलं. त्यानंतर डोलीवाल्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आडते टोमॅटोच्या शेवटच्या तोड्याकडे बघतात. मेहुणा पायऱ्या मोजत होता. अर्ध्यावर एका माकडाने त्याच्या हातातली काकडी नेली आणि आकडा हुकला. वर पोचल्यावर तो ३०७ म्हणाला. तिथला एक काकडीवालाही ३०७ म्हणाला. मी माझ्या २८३ वर ठाम राहिलो. इतकी वर्षं शंभर जणांना सांगितलेला आकडा आता कुठल्या तोंडाने बदलू?

गणपती सातव्या लेण्यात आहे. डोंगराच्या पोटात सतरा मीटर खोल दालन, आणि आधाराला मधे एकही खांब नाही. आमच्या शाळेच्या हॉलला आठ खांब होते, तरी पावसाळ्यात मुलांना त्यात बसवायला मुख्याध्यापक कचरायचे. दालनाच्या तिन्ही बाजूंनी भिक्षूंच्या वीस खोल्या. मूळ हा विहार. मागच्या मधल्या दोन खोल्या एक करून गणपती पुढे कधीतरी आला. देवाचं तोंड पलीकडे उत्तरेला आहे आणि आपण पाठीची पूजा करतो, असं सांगतात. तीस वर्षं मी डोंगराकडे पाठ करून रस पीत होतो. फिट्टंफाट झाली.

मेहुण्याने एका खोलीत डोकावून पाहिलं. आत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा.

“भक्तनिवासच हे, दाजी. वीस खोल्या, पाणी जवळ, समोर व्ह्यू.”

“फक्त अटॅच्ड नाही,” मी म्हटलं.

शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. खांबांच्या दोन रांगा, खांबांच्या डोक्यावर बसलेले हत्ती आणि वाघसिंह, टोकाला स्तूप. तिथे माझाच एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो लेण्यांचा अभ्यास करतो, ब्राह्मी वाचतो. मी त्याला सहामाहीत इतिहासात चाळीसपैकी अकरा दिले होते. ते त्याच्याही लक्षात होतं, कारण “सर, या ना, तुम्हाला दाखवतो” हे तो फारच प्रेमाने म्हणाला.

दर्शनी भागावर एक ओळ कोरलेली. त्याने बोट हवेतच फिरवत वाचली. हे चैत्यगृह सुलसदत नावाच्या माणसाने दान दिलं. हेरणिकाचा मुलगा. राहणार कल्याण.

“कुठला?” मेहुणा दचकला.

“कल्याण. नाणेघाट चढून यायचे, काका. माल कल्याणच्या बंदरातून वर जुन्नरला.”

म्हणजे कल्याणचे पाहुणे आमच्या उरावर सुमारे अठराशे वर्षांपासून येताहेत. फरक एवढाच, की त्या कल्याणकराने अख्खं चैत्यगृह दिलं आणि आमच्या कल्याणकराने मघाशी तबकात अकरा रुपये टाकले, तेही सुटे नाहीत म्हणून वीसची नोट टाकून पुजाऱ्याकडून नऊ परत घेतले.

विद्यार्थी आता थांबेना. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं आणि देयधम म्हणजे दान, हे दोन शब्द पाठ केले की जुन्नरचे निम्मे लेख वाचता येतात, असं तो म्हणाला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, मिळून सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलंय. नारायणगावच्या मार्केटातल्या आडत्यांनी एकत्र येऊन काही दिल्याची कल्पना करून बघा. पाटीवर पहिलं नाव कुणाचं, यावरच एक हंगाम निघून जाईल. शिवनेरीच्या पोटात इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली आहेत. कुठला कोण परदेशी, समुद्र ओलांडून आला असेल, घाट चढला असेल, नफा कमावला असेल, आणि आमच्या डोंगरात पाण्याची सोय करून त्यावर नाव घालून गेला.

“नाव मात्र सगळ्यांनी घातलंय,” मेहुणा म्हणाला. “मला वाटलं, संन्याशांच्या ठिकाणी असलं काही नसेल.”

“संन्यासी राहणार, खर्च व्यापारी करणार,” विद्यार्थी म्हणाला. “सर, हे तुम्ही शिकवलं नव्हतं.”

“पोर्शन संपायचा नाही रे,” मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

आमच्या ओझरच्या विघ्नहराचा कळस चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई जिंकल्यावर सोन्याने मढवला, असं गावात लहान पोरगंसुद्धा सांगतं. पाटी बघून कुणी सांगत नाही. पण सगळ्यांनाच काही वसई जिंकता येत नाही. बाकीच्यांना छिन्नी लागते, नाहीतर पेंटर.

दुपारी पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांत गेलो. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मधे स्तूप आणि त्याच्याभोवती बारा खांब. असं गोल प्रकरण क्वचितच कुठे बघायला मिळतं. माणूस एक नव्हता. मेहुणा स्तूपासमोर मांडी घालून बसला, डोळे मिटले. स्पितीत सतरा हजार खर्चून जी शांतता मिळाली, ती इथे तीस रुपयांच्या पेट्रोलात मिळाल्याचं त्याच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं. तेवढ्यात खालून शेरडं राखणाऱ्या पोराचा मोबाइल वाजला, डीजेवरच्या हळदीच्या गाण्यासकट. मेहुण्याने एक डोळा उघडला.

“तिकडे निदान रेंज नव्हती,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याला वाटेला लावला. बायकोने मासवड्यांचा डबा दिला. गाडी सुरू करता करता त्याने विचारलं, “दाजी, एखादं टाकं वगैरे बांधून द्यायचं म्हटलं, तर किती खर्च येतो हो आजकाल?”

“आधी मागच्या वर्षीचा डबा परत आण,” बायको म्हणाली.

तो गेल्यावर मी पाय ओढत मारुतीच्या देवळात गेलो. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पंखा फुल्लवर होता, खाली चार-पाच म्हातारे पेंगत होते. मी बटण बंद केलं. पंखा आधी सावकाश झाला, मग डुलला, मग थांबला. ‘कै.’चं पातं नेमकं माझ्याकडे आलं. आजोबांच्या नावावर बोटभर धूळ. मी घंटेजवळचं स्टूल ओढलं, वर चढलो आणि उपरण्याच्या टोकाने एकेक अक्षर पुसायला लागलो.

“गुरुजी,” खालून एक म्हातारा कण्हला, “लावा की पंखा. जीव चाललाय उकाड्यानं.”

“एक मिनिट,” मी म्हटलं. “आडनाव राहिलंय.”