जाणकारांच्या शेजारी

सवाई गंधर्व महोत्सवात झोपणाऱ्या श्रोत्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. तो कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. विलंबित सुरू झालं की मान छातीवर टाकतो, द्रुतात तबला तापला की जागा होतो आणि सगळ्यांपेक्षा ताज्या हातांनी टाळ्या वाजवतो. थोडाफार घोरला तरी तंबोऱ्यात खपून जातं. शिवाय त्याला परंपरेचा आधार आहे. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. लोक सतरंजी, उशी, थर्मास, माकडटोपी असं बिऱ्हाड घेऊन यायचे आणि ललत-तोडी ऐकून दूधवाल्यांबरोबर घरी पोचायचे. पुढे ध्वनिवर्धकांना रात्री दहाची वेस आली (एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच) आणि गाणं दुपारी सुरू होऊ लागलं. दरबारी-मालकंसाची पंचाईत झाली, मुलतानी-भीमपलासाची चांदी झाली. झोपणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. दुपार ही पुण्यात तशीही झोपेचीच वेळ.

खाणाराही निरुपद्रवी. उलट लयीचं सर्वांत व्यावहारिक ज्ञान त्यालाच असतं. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन सहज मिनिटभर चालतं. म्हणजे कॉफीला दोन आवर्तनं, रांग असली तर आठ, आणि गरम मटार करंजी हवी असेल तर अख्ख्या बड्या ख्यालावर पाणी सोडावं लागतं. सराईत माणूस आलाप स्थिरावला की उठतो आणि छोट्या ख्यालाच्या समेला, हातातला वडापाव न सांडता, बरोबर आपल्या चादरीवर येऊन टेकतो. इतकी अचूक सम मी भल्याभल्यांची पाहिलेली नाही.

चादरीवरून आठवलं. एक पर्स, एक पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र एवढ्या भांडवलावर पाच माणसांची जागा धरणाऱ्या मावशी भारतीय बैठकीत दर वर्षी असतात. "येतायत हं" एवढंच त्या म्हणतात. कोण, हे रात्रीपर्यंत कळत नाही. खुर्चीतल्या लोकांना ही चिंता नाही. त्यांना ती बढती गुडघ्यांनी दिलेली असते. सोफ्यावरच्यांबद्दल मला फार माहिती नाही, कारण ते उशिरा येतात आणि लवकर जातात.

मैफलीला खरा धोका आहे तो जाणकाराचा.

जाणकार आधी स्वतःच्या मांडीवर ताल धरतो. राग रंगला की तुमच्या मांडीवर. त्याची दाद समेवर येत नाही, समेच्या किंचित आधी येते. नाहीतर सम कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, हे लोकांना कळणार कसं? कोणाचा मोबाइल वाजला तर बाकीचे चिडतात ते आवाजावर, जाणकार चिडतो तो त्यात तीव्र मध्यम लागला म्हणून. मधल्या वेळात तो तुम्हाला उत्सव रमणबागेत भरायचा तेव्हाच्या गोष्टी सांगतो. उत्सव मुकुंदनगरला आल्यापासून आवाजात ती मजा राहिली नाही, म्हणतो. भीमसेनअण्णांचं पहिल्या वर्षीचं गाणंही त्याने ऐकलेलं असतं. त्याचा जन्म त्यानंतरचा दिसतो, पण जाणकारीत जन्मतारीख आड येत नाही.

एकदा मला उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन मिळाले. वेळ दिवेलागणीची. गायकाने कोमल रिषभ लावला मात्र, उजवे काका पुटपुटले, "मारवा."

"छे हो, पूरिया," डावे काका.

आता मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे सूर तेच. फरक कुठे थांबायचं आणि कुठे फिरायचं एवढाच. म्हणजे गायक थांबेपर्यंत थांबायला हवं. पण थांबला तर तो जाणकार कसला?

"अहो, धैवत बघा धैवत!"

"तुम्ही गंधार ऐका आधी. कुठे न्यास करतोय?"

"तुम्हीच सांगा हो," असं म्हणून दोघं माझ्याकडे वळले. अशा प्रसंगासाठी मी एक वाक्य बाळगून आहे, ते कुठल्याही रागाला चालतं. मी डोळे मिटून म्हणालो, "अंग जरा वेगळंच आहे." दोघांनीही आपलाच विजय झाल्यासारख्या माना डोलावल्या आणि पुन्हा भांडू लागले. तेवढ्यात पुढच्या रांगेतले गृहस्थ, जे मगाचपासून शालीत गुडुप होते, मागे न बघता म्हणाले,

"पूरिया. मारव्यात मला झोप लागत नाही."

यावर शास्त्रात उत्तर नाही. मारवा षड्जावर टेकूच देत नाही, माणूस झोपणार कसा? डावे काका खूश झाले. उजव्या काकांनी थोडा विचार केला आणि "मग गायकाला मारवाच गायचा होता, जमला नाही," असा निकाल देऊन कॉफीला गेले.

शेवटच्या दिवशी सांगता होते ती खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने. तोवर चादरी झटकून घड्या झालेल्या असतात, मावशींनी धरलेल्या पाच जागा रिकाम्याच असतात आणि पार्किंगकडे डोळा ठेवून सगळे उभे असतात. उजवे काका माझ्याच शेजारी होते. ती मुद्रिका त्यांना सुईच्या खरखरीसकट पाठ असावी, कारण त्यांची दाद प्रत्येक जागेच्या वीतभर आधी जात होती. मुद्रिका संपली. काकांनी मफलर गुंडाळला आणि म्हणाले,

"छान. पण आज लय जरा चढी ठेवली होती, नाही?"